पाय न टेकता मैलोन्‌मैल

सपाट रस्त्यावर एक माणूस फळीवर उभा आहे. उतार नाही, मोटर नाही, मागून ढकलायला कोणी नाही. तो पायही खाली टेकत नाही. खांदे आणि कंबर एका लयीत डावी-उजवीकडे फिरतात, गुडघे किंचित वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. चार चाकांची ती फळी रस्त्यावर नागमोडी रेघ ओढत वेग धरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही नजरबंदी वाटते. पण नागपंचमीला झाडाच्या झोक्यावर उभे राहून ज्यांनी झोका चढवला आहे, त्यांच्या गुडघ्यांना यातले निम्मे गणित ठाऊक असते. अंगातला जोर नेमक्या क्षणी द्यायचा, बाकी वेळ लय सांभाळायची.

स्केटबोर्डवाले याला पंपिंग म्हणतात. लांब फळीवर, म्हणजे लाँगबोर्डवर, असे कित्येक किलोमीटर जाण्याला लाँग डिस्टन्स पंपिंग हे नाव आहे. त्यासाठीची फळी दुकानातून आणून तशीच वापरली तर फारशी साथ देत नाही. ती जुळवावी लागते, आणि त्या जुळवणीचे मुख्य सूत्र एकच: पुढची चाके भरपूर वळली पाहिजेत, मागची अगदी थोडी. दोन टोकांतला हा मुद्दाम ठेवलेला फरक कोण्या एका कारखान्यात ठरला नाही. रोलर स्केट, प्लास्टिकचा कारखाना, शंकूंमधून होणाऱ्या शर्यती आणि घरच्या गॅरेजातली खटपट यांतून तो शंभराहून अधिक वर्षांत आकाराला आला.

सुरुवात स्केटबोर्डच्याही आधीची आहे. १८६३ साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स प्लिम्प्टन या फर्निचरच्या व्यापाऱ्याने रोलर स्केटचे पेटंट घेतले. त्याआधीच्या बहुतेक स्केटमध्ये चाके एका ओळीत असत. सरळ जाणे सोपे, वळणे अवघड. प्लिम्प्टनने पुढे दोन आणि मागे दोन चाके लावली, त्यांचे दांडे तिरप्या बसवणीवर टेकवले आणि मध्ये रबराची गादी घातली. पाऊल एका बाजूला कलले की रबर दबे आणि दांडा त्याच बाजूला वळे.

आपल्याकडे गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंगांची गाडी मुले करत आली आहेत. तिचा पुढचा आडवा दांडा एका बोल्टवर फिरतो आणि तो दोरीने नाहीतर पायाने ओढून वळवावा लागतो. प्लिम्प्टनच्या रचनेत दोरीचे काम शरीराचा तोल करतो. आजच्या स्केटबोर्डखाली ज्याला ट्रक म्हणतात, तो याच रचनेचा वंशज आहे.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात या स्केटचे तुकडे फळीखाली आले. समुद्राच्या लाटांवर स्वार होणारी पोरे लाटा नसलेल्या दिवशी रस्त्यावर तीच मजा शोधत होती. सुरुवातीची चाके लोखंडी होती, पुढे मातीच्या मिश्रणाची आली. १९६५ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅगी ही तरुणी फळीवर हात टेकून उलटी उभी असलेली दिसली, इतके ते वेड पसरले होते. त्यानंतर लवकरच ते ओसरले. मातीचे चाक वळणावर घसरायचे, आणि चाकाखाली बारीक खडा आला की फळी जागच्या जागी थबकायची आणि माणूस पुढे फेकला जायचा. अनेक शहरांनी या खेळावर बंदी घातली.

अशा चाकावर पंपिंग जमणे कठीणच होते. चांगले चाक पुढे सहज लोळते, पण आडवे सरकायला तयार नसते. पंपिंगची सगळी भिस्त या गुणावर आहे. वळणात चाके प्रवासाच्या दिशेशी तिरपी झालेली असतात. त्या क्षणी स्वाराने पायांनी आडवा जोर दिला की रस्ता उलट रेटतो आणि त्या रेट्याचा काही भाग फळीला पुढे ढकलतो. बर्फावर स्केटिंग करणाराही असाच पुढे जातो. पण चाकच आडवे निसटले तर दिलेला जोर वाया जातो. पकड नसेल तर पंप नाही.

ही पकड व्हर्जिनिया राज्यातल्या पर्सेलव्हिल गावातून आली. तिथल्या क्रिएटिव्ह युरेथेन्स या कारखान्यात रोलर रिंकसाठी मऊ प्लास्टिकची चाके बनत होती. १९७० च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाच्या नजरेला ती पडली. त्याने ती आपल्या फळीला लावून पाहिली. चाक रस्ता धरून ठेवत होते आणि खड्यावरून सहज जात होते. तो कॅलिफोर्नियात एन्सिनिटासला गेला आणि कॅडिलॅक व्हील्स या नावाने ती चाके विकू लागला. दोन-तीन वर्षांत मातीचे चाक इतिहासजमा झाले. १९७५ मध्ये रोड रायडर चाकांबरोबर घट्ट बसवलेली बंद बेअरिंगे आली. तोवर सुट्या गोळ्या चाकात भरून नट आवळावे लागत आणि कधी कधी त्या रस्त्यात सांडत.

चाके सुधारल्यावर ट्रककडे लक्ष गेले. तोवर स्केटबोर्डला शिकागो, शुअर-ग्रिप अशा रोलर स्केटच्या कंपन्यांचे ट्रक लावले जात. १९७० च्या दशकाच्या मध्यात दोन नवे ट्रक आले, आणि त्यांचे स्वभाव अगदी भिन्न होते. रॉन बेनेटचा ट्रक चटकन वळायचा, जरा कललात की चाके फिरलीच. त्याची प्लास्टिकची बैठक मात्र तुटण्यासाठी बदनाम होती. एन्सिनिटासच्या परिसरातल्या ट्रॅकर कंपनीचा ट्रक रुंद, भक्कम आणि शांत होता. वेगात तो डगमगत नसे. एक उतावळा, एक संथ. पुढे तीसेक वर्षांनी हे दोघे एकाच फळीच्या दोन टोकांना एकत्र आले.

त्याच सुमारास कार्ल्सबॅडजवळच्या ला कोस्टा भागात दर आठवड्याला तरुण जमत. तिथे बंगल्यांसाठी रस्ते आखून झाले होते, घरे अजून उठायची होती. गुळगुळीत डांबर, हलका उतार आणि रहदारी जवळपास नाही. रस्त्यावर शंकू ओळीने मांडायचे आणि एकही न पाडता नागमोडी वळणे घेत खाली यायचे, ही स्लॅलमची शर्यत. हेन्री हेस्टर, बॉबी पियर्सी, जॉन हटसन ही नावे तिथे गाजली. घड्याळ काही शतांश सेकंद मोजते तेव्हा नुसत्या उतारावर भागत नाही. प्रत्येक वळणातून थोडा वेग काढता आला पाहिजे, हे त्या स्वारांच्या लवकर लक्षात आले. पंपिंगचे शास्त्र तिथे घडत गेले, आणि ते सिद्ध करायला वेळ मोजणारे यंत्र हाताशी होते.

सॅन डिएगोकडचा, सामोअन वंशाचा क्रिस यँडल याच पिढीतला. त्याला शर्यतीइतकाच लांबचा प्रवास भावत होता. पुढे त्याने ‘स्कॉगिंग’ हा शब्द रूढ केला: स्केटिंग आणि जॉगिंग एकत्र. एकाच पायाने ढकलत राहण्याऐवजी दोन्ही पाय आलटून-पालटून वापरायचे, म्हणजे शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखे काम मिळते. लांब पल्ल्याचा खरा प्रश्न त्याने नेमका ओळखला होता. ज्या पायावर उभे राहायचे तो पाय आधी थकतो.

१९८० च्या दशकात स्केटबोर्डची दुनिया उभ्या भिंतींवर आणि पुढे जिने-कठड्यांवर गेली. फळ्या बदलल्या, चाके लहान आणि कठीण झाली. स्लॅलम मागे पडला. लांबचे अंतर कापणारे तुरळकच होते. १९७६ मध्ये जॅक स्मिथ दोन साथीदारांसह ओरेगॉनहून निघून व्हर्जिनियापर्यंत ३२ दिवसांत स्केटबोर्डवर गेला होता. १९८४ आणि २००३ मध्ये तो पुन्हा देश ओलांडून गेला. न्यूझीलंडचा रॉब थॉमसन २००७-०८ मध्ये स्वित्झर्लंडपासून चीनमधल्या शांघायपर्यंत १२,१५९ किलोमीटर गेला. अशा प्रवासांचा मुख्य आधार पायाने ढकलणे हाच होता.

नव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र स्लॅलमला पुन्हा जाग आली. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोरो बे इथे जागतिक स्पर्धा झाली, आणि ती भरवणारा होता तोच जॅक स्मिथ. जुने शर्यतवाले आता चाळिशी-पन्नाशीत होते. त्यांच्याजवळ अनुभव होता, अवजारे होती आणि प्रत्येक नट पुन्हा तपासायची हौस होती. पुढचा ट्रक अधिक वळेल आणि मागचा कमी, अशी जुळवणी त्यांनी बारकाईने केली. मग काहींनी शंकू बाजूला ठेवले आणि तीच फळी घेऊन कामावर, नदीकाठी, तळ्याभोवती जायला सुरुवात केली. सिएटलचा जेम्स पीटर्स या मंडळींपैकी एक. ११ मे २००७ रोजी त्याने सिएटलमध्ये २४ तासांत स्केटबोर्डवर २९६.१२ किलोमीटर अंतर कापले आणि गिनेसच्या नोंदीत नाव लावले.

त्या काळची जुळवणी टेबलावर मांडून पाहिली तर आजही शिकण्यासारखी आहे. लागते काय, तर स्केटचा एक टी-आकाराचा पाना. फळी धरणाऱ्या नटांसाठी ३/८ इंच. चाकांच्या नटांसाठी १/२ इंच. आणि ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टसाठी, म्हणजे किंगपिनसाठी, ९/१६ इंच. पुढे बेनेटचा ट्रक बसवायचा आणि त्याखाली लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर अशी घालायची की ट्रकचा कोन चढेल. मागे ट्रॅकर, आणि तिथली पाचर उलटी, म्हणजे कोन उतरेल. सुताराची साधी पाचर, पण एका टोकाला ती वळण वाढवते आणि दुसऱ्या टोकाला कमी करते.

असे का, हे फळीवर उभे राहिले की पायांना कळते. दोन्ही ट्रक सारखेच वळले तर फळी मध्यावर गिरकी घेते. पुढचे टोक डावीकडे गेले की मागचे उजवीकडे सुटते आणि पायांनी दिलेला जोर त्यातच खर्ची पडतो. मागचा ट्रक जवळपास सरळ राहिला, तर फळी मागच्या चाकांवर टेकून फिरते. पुढचे टोक मोठे वळण घेते, मागचे त्याच्या मागोमाग येते. पुढचा पाय दिशा देतो, मागचा पाय रेटा देतो.

त्यानंतर बुश. ट्रकमधल्या या छोट्या युरेथेनच्या गाद्या म्हणजे प्लिम्प्टनचे रबरच. पुढे मऊ आणि निमुळते बुश लावले तर फळी सहज कलते आणि हेलकावा देऊन परत येते. मागे कठीण आणि सरळ नळकांडीसारखे. स्वाराचे वजन जास्त असेल तर दोन्हीकडे एक पायरी कठीण घ्यायचे. चाके ७० ते ८० मिलिमीटरची, मऊ. मोठे चाक एकदा घेतलेला वेग टिकवून धरते, पण ते फळीला खालून घासणार नाही हे पाहावे लागते. फळी फार मऊ असेल तर ती झोळीसारखी खाली जाते आणि पायांचा जोर गिळते. फार कडक असेल तर तासाभरात तळपाय बधिर होतात.

पुढच्या काळात या खटपटीला कारागीर मिळाले. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात सबसॉनिकसारख्या छोट्या कार्यशाळांत खास पंपिंगच्या फळ्या बनू लागल्या. जी-बॉम्बसारख्या नावांनी धातूचे कंस आले: ट्रक फळीच्या टोकांच्या पलीकडे उंच राहतात आणि फळी त्यांच्यामध्ये जमिनीलगत लटकते. त्याचा फायदा चढावर कळतो. पंपिंग थांबले की पाय खाली टेकून ढकलता येते, आणि त्यासाठी गुडघा फार वाकवावा लागत नाही. स्लॅलममधून उसने घेतलेल्या ट्रकच्या जोडीला खास पंपिंगसाठी घडवलेले ट्रकही आले.

मायामीजवळच्या होमस्टेडच्या मोटार शर्यतीच्या मैदानावर भरत आलेल्या अल्ट्रास्केट या शर्यतीत या सगळ्या जुळवण्यांचा कस लागतो. चोवीस तास, तेच मैदान, त्याच फेऱ्या. ढकलायचे की पंप करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. बहुतेक स्वार दोन्ही आलटून-पालटून वापरतात, कारण एका हालचालीत थकलेले स्नायू दुसरीत विसावा घेतात. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या रिक प्रोंकने तिथे ३०० मैलांचा टप्पा ओलांडला. किलोमीटरमध्ये ते ४८० च्या पुढे जाते.

फळी जुळवणाऱ्याचे काम मात्र अशा मैदानावर सुरू होत नाही. ते घराजवळच्या एखाद्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर होते. शंभर मीटर जायचे, खाली उतरायचे. फळी वळणात अडखळत असेल तर किंगपिनचा नट पाव फेरा सैल. वेगात पुढचे टोक थरथरत असेल तर पाव फेरा घट्ट. पाचर बदलायची असेल तर चारही बोल्ट काढायचे, पाचर उलटी करायची, बोल्ट परत आवळायचे. पाना खिशात, पाय फळीवर, आणि पुन्हा शंभर मीटर.