पात्रतेचा उंबरठा

श्रोतेहो, कोणत्याही मोठ्या क्रीडास्पर्धेची आठवण निघाली म्हणजे लोक अंतिम सामन्याचे वर्णन करू लागतात. परंतु त्या सामन्यापर्यंत येण्यासाठी जो उंबरठा प्रत्येक संघाला ओलांडावा लागतो, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आजच्या भाषणाचा विषय हा उंबरठाच आहे. आणि तोही आफ्रिका खंडातील राष्ट्रांच्या फुटबॉल स्पर्धेचा. विषय दूरदेशीचा खरा. तथापि तो वाटतो तितका दूर नाही.

भिवंडी तालुक्यातील पूर्णा हे गाव आज गोदामांच्या रांगांमुळे ओळखले जाते. तेथून निघून कशेळीची खाडी ओलांडली की ठाणे लागते आणि ठाण्याहून दक्षिणेस गेले की नेरूळ येते. या नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, म्हणजे ऐन नरकचतुर्दशीच्या दिवशी, सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत घाना आणि नायजर या दोन आफ्रिकी देशांची गाठ पडली. घानाने तो सामना २-० असा जिंकला. परंतु खरे नवल सामन्याच्या निकालात नव्हते. या वयोगटाचे जगज्जेतेपद तोवर पाच वेळा मिळविणारा, २०१३ व २०१५ या दोन्ही स्पर्धांचा विजेता असलेला नायजेरिया त्या वर्षी भारतात आलाच नव्हता. त्याला आफ्रिकेतच, पात्रतेच्या फेरीत, शेजारच्या नायजरने घरी बसविले होते. ज्याच्या पदरी पाच अजिंक्यपदे तो बाहेर राहिला, आणि ज्याचे नाव फारसे कोणी घेत नव्हते तो नेरूळच्या हिरवळीवर उतरला. पात्रतेची फेरी म्हणजे काय, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. तेथे पूर्वपुण्याई चालत नाही. त्या दिवशीचा खेळ चालतो.

हा न्याय आफ्रिकेला आयता लाभलेला नाही. त्या खंडातील प्रौढ संघांची जी मुख्य स्पर्धा, म्हणजे आफ्रिकी राष्ट्रचषक, तिचा आरंभच मुळी पात्रतेच्या वादाने झाला. १९५६ साली लिस्बन येथे जागतिक फुटबॉल महासंघाची परिषद भरली असता इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांच्या प्रतिनिधींनी आपल्या खंडाची स्वतंत्र संघटना काढण्याचे ठरविले. त्याप्रमाणे फेब्रुवारी १९५७ मध्ये सुदानची राजधानी खार्टूम येथे संघटना स्थापन झाली आणि लागलीच पहिली स्पर्धाही भरली. स्पर्धक चार, तेव्हा पात्रतेच्या फेरीचे कारणच नव्हते. परंतु दक्षिण आफ्रिकेत त्या काळी वर्णभेद हा राज्याचा कायदा होता. तेथील फुटबॉलच्या चालकांनी कळविले की, आम्ही एकतर सर्व गोऱ्यांचा संघ पाठवू किंवा सर्व काळ्यांचा. दोहोंचा मिळून एक संघ मात्र पाठविणार नाही. उरलेल्या तिघांना हे मान्य झाले नाही. दक्षिण आफ्रिकेला स्पर्धेबाहेर राहावे लागले, तिच्याशी ज्याची गाठ पडावयाची तो इथिओपिया न खेळताच अंतिम सामन्यात गेला, आणि तेथे इजिप्तने त्याला ४-० असे हरविले. चारही गोल अद-दीबा या एकाच खेळाडूचे होते.

खेळाच्या दृष्टीने पाहता ही स्पर्धा अगदीच लहान. परंतु तिने एक दंडक घालून दिला. संघाची पात्रता मैदानावर ठरण्यापूर्वी दुसरी एक पात्रता ठरावी लागते. ती ही की, तुम्ही आपल्या देशातील सर्व माणसांतून संघ निवडता की काहींना जन्मावरूनच वगळता?

हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईत १९०७ पासून हिंदू, पारशी आणि युरोपियन यांचे तिरंगी क्रिकेट सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले आणि १९३७ मध्ये उरलेल्यांचा पाचवा संघ येऊन पंचरंगी. संघ धर्मावर बांधलेले. आणि त्या धर्माच्या आतही पुन्हा भिंती. पुण्यात खेळ शिकलेला पळवणकर बाळू हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मला म्हणून त्याचा चहा वेगळ्या पेल्यातून, मंडपाबाहेर येत असे. हिंदू संघाचे नायकपद त्याला कधी मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली, त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला. पुढे १९४० मध्ये महात्मा गांधींनी धर्मवार संघांच्या या खेळाविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये पंचरंगी सामने बंद झाले. खार्टूममध्ये जो प्रश्न उभा राहिला, त्याच्याच जातीचा प्रश्न मुंबईच्या मैदानांनी अकरा वर्षे आधी निकालात काढला होता.

आता आफ्रिकेतील पात्रता फेरीकडे वळू. १९५९ च्या कैरो येथील दुसऱ्या स्पर्धेतही तीनच संघ होते. त्यानंतर १९६० साल उजाडले आणि त्या एका वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. नव्या राष्ट्राला ध्वज हवा, राष्ट्रगीत हवे, तसा आपला फुटबॉल संघही हवासा वाटू लागला. इच्छुक वाढले, जागा थोड्या. यास्तव १९६२ च्या अदिस अबाबा येथील स्पर्धेसाठी प्रथमच पात्रतेच्या फेऱ्या घ्याव्या लागल्या. यजमान इथिओपिया आणि गतविजेता इजिप्त यांना थेट प्रवेश होता. उरलेल्या दोन जागा ट्यूनिशिया आणि युगांडा यांनी खेळून मिळविल्या. रीत साधी होती. दोन देशांनी परस्परांशी दोन सामने खेळावयाचे, एक आपल्या घरी, दुसरा प्रतिपक्षाच्या घरी, आणि दोहोंतील गोलांची बेरीज करावयाची. पुढे गटवार साखळी सामन्यांची पद्धत आली. अंतिम स्पर्धेतील संघ १९६३ मध्ये सहा झाले, १९६८ मध्ये आठ, १९९२ मध्ये बारा, १९९८ मध्ये सोळा आणि २०१९ मध्ये चोवीस.

आपल्या घरचा उंबरठा असा नीट बांधून झाल्यावर आफ्रिकेने जगाच्या उंबरठ्याविषयीही विचारणा केली. १९६६ च्या विश्वचषकाच्या सोळा जागांपैकी आफ्रिका, आशिया आणि ओशिआनिया या तिन्ही खंडांना मिळून अवघी एक जागा ठेवण्यात आली होती. आफ्रिकेत सर्वांवर मात केली तरी आणखी एक लढत द्यावयाची, तेव्हा कुठे प्रवेश. शिवाय दक्षिण आफ्रिकेवरील बंदी जागतिक महासंघाने १९६३ मध्ये उठविली होती. घानाचे ओहेने जान आणि इथिओपियाचे तेसेमा यांनी पुढाकार घेतला, आणि आफ्रिकी देशांनी पात्रता फेऱ्यांवरच बहिष्कार घातला. त्या वर्षी आफ्रिकेचा एकही संघ इंग्लंडात दिसला नाही. परंतु १९७० च्या विश्वचषकात आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली आणि ती मोरोक्कोने पटकावली. दक्षिण आफ्रिकेवरही १९६४ मध्ये पुन्हा बंदी आली आणि १९७६ मध्ये तिला महासंघातून काढून टाकण्यात आले.

या सर्व इतिहासात मराठी माणसाला जिव्हाळ्याचे वाटावे असे एक छोटे प्रकरण आहे. ते मॉरिशस बेटाचे. क्षेत्रफळाने हा देश आजच्या ठाणे जिल्ह्याच्या जवळपास निम्मा. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी तेथे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचे मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनी भाषा, भजन आणि गणपती जपले. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु हे बेट फुटबॉलच्या नकाशावर आफ्रिकेत मोडते, आणि राष्ट्रचषकाचा उंबरठा त्यालाही ओलांडावा लागतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

त्या बेटावरील फुटबॉलची घडण मुंबईच्या पंचरंगी सामन्यांची आठवण करून देणारी होती. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स अशी संघांची नावेच होती. फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा डोडो क्लब निराळा आणि क्रिओल समाजाची प्रीती फायर ब्रिगेड या संघावर. रविवारी जे परस्परांविरुद्ध लढावयाचे, त्यांनाच राष्ट्राच्या नावाने एका रंगाचा अंगरखा घालून उभे राहावयाचे होते. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने ते सहा वर्षांत साधले. १९७४ च्या इजिप्तमधील स्पर्धेत आठ संघ होते; यजमान आणि गतविजेता वगळता सहा जागा पात्रतेच्या, आणि त्यांतील एक मॉरिशसने मिळविली. पुढे मात्र गाठ बलाढ्यांशी पडली. गतविजेत्या काँगोने त्यांना २-० असे हरविले, गिनीने २-१, आणि जो झैर पुढे ती स्पर्धा जिंकणार होता, त्याने ४-१. तिन्ही सामने गेले. त्यानंतर मॉरिशसला या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात पुन्हा कधीही प्रवेश मिळालेला नाही. तरीही ते तीन पराभव त्या बेटाच्या इतिहासात मानाचे मानावे लागतील. कारण तेथवर एक देश गेला होता, एक जमात नव्हे.

घरी परतल्यावर मात्र भिंती तशाच उभ्या होत्या. पुढे सरकारने संघांच्या नावांतील धर्मवाचक शब्द गाळावयास लावले. हिंदू कॅडेट्सचे नुसते कॅडेट्स झाले, मुस्लिम स्काउट्सचे स्काउट्स. नावे बदलली, पण प्रेक्षकांची मने बदलली नाहीत. २३ मे १९९९ रोजी स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्या सामन्यानंतर राजधानी पोर्ट लुई येथे दंगल उसळली, एका इमारतीला आग लावण्यात आली आणि सात माणसे प्राणास मुकली. त्यानंतर स्थानिक सामने दीर्घकाळ बंद ठेवून जमातींच्या जागी गावांच्या व विभागांच्या नावाने संघ नव्याने बांधावे लागले. जे काम मुंबईत १९४६ मध्ये एका ठरावाने झाले, त्यासाठी त्या बेटाला केवढी किंमत मोजावी लागली!

शेवटी पुन्हा दक्षिण आफ्रिकेकडे येऊ. वर्णभेदाचे राज्य ढासळू लागल्यावर १९९२ मध्ये तिला महासंघात पुन्हा घेण्यात आले. ७ जुलै १९९२ रोजी तिच्या सर्व वर्णांच्या एकत्र संघाने डर्बन येथे कॅमेरूनला १-० असे हरविले. हे तेच डर्बन, जेथे हिंदी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. साऱ्या देशात आनंद झाला. परंतु पुढच्याच महिन्यात राष्ट्रचषकाच्या पात्रता फेरीत हरारे येथे झिम्बाब्वेने याच संघाचा ४-१ असा पाडाव केला, आणि १९९४ च्या स्पर्धेत तिला स्थान मिळाले नाही. पस्तीस वर्षांपूर्वी ती बाहेर राहिली ती आपल्या हट्टामुळे. या वेळी बाहेर राहिली ती केवळ खेळात कमी पडल्यामुळे. अशा पराभवाची कोणी लाज बाळगू नये. इतर सर्वांसारखे हरता येणे हेही एक प्रकारचे नागरिकत्वच आहे. १९९६ मध्ये स्पर्धा तिच्याच भूमीवर भरली, अंतिम सामन्यात ट्यूनिशियावर २-० असा विजय मिळाला, आणि नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत गोरा नायक नील टोवी याने चषक उंचावला. दोन्ही गोल करणारा मार्क विल्यम्स हा त्या देशाच्या जुन्या कायद्याने गोऱ्यांत न मोडणारा होता. १९५७ मध्ये जो एक संघ पाठविण्यास चालकांनी नकार दिला होता, तो संघ हाच.

श्रोतेहो, यापुढे वर्तमानपत्रात आफ्रिकेच्या पात्रता फेरीचे निकाल बारीक अक्षरांत छापलेले दिसले, तर त्यांवरून नजर घाईने पुढे नेऊ नये. त्यांत मॉरिशसचे नाव असेल, तर क्षणभर थांबावे. गोलांचे आकडे काहीही असोत, त्या ओळीत रत्नागिरी-साताऱ्याहून गेलेल्यांचे वंशज, तमिळ, मुसलमान, क्रिओल आणि फ्रेंच वंशाचे लोक यांचे मिळून एकच नाव छापलेले असते.