अनुभवाचा रकाना कोण भरतं?

इतिहासाच्या व्याख्यानात आज संगणकाचा विषय कुठून आला, असं काहींना वाटेल. सांगतो. बायोडाटामध्ये आधीच्या नोकऱ्यांचा इतिहास जोडणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं मराठी माहितीपत्रक आम्ही लिहायला घेतलं. वाचणारा गंगाखेड तालुक्यातला आहे असं धरून लिहायचं ठरवलं, आणि पहिल्याच पानावर अडलो.

अशा साधनांचा साचा साधारण एकच असतो. जेसन रेझ्युमे नावाचा एक मुक्त नमुना आहे, त्यात प्रत्येक नोकरीला मुख्य रकाने हेच: संस्थेचं नाव, पद, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि कामाचं थोडक्यात वर्णन. शेवटची तारीख रिकामी ठेवली तर माणूस अजून तिथेच आहे असं समजतात. सोपं आहे ना? पण यातला प्रत्येक रकाना कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी आखलेला आहे. तो इतिहास आज पाहू.

सुरुवात गंगाखेडपासूनच करू. गोदाकाठचं हे गाव संत जनाबाईंचं जन्मगाव. पंढरपुरात नामदेवांच्या घरी त्यांनी आयुष्य काढलं. दळण, कांडण, झाडलोट ही रोजची कामं त्यांच्या अभंगांत आली, आणि खाली ‘दासी जनी’ अशी नाममुद्रा. म्हणजे काम काय, कुणाच्या घरी आणि करणारी कोण, हे तिन्ही त्यांनी स्वतः सांगून ठेवलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या काळात कामाची नोंद करणाऱ्याच्या हातात फारशी राहिली नाही.

मुंबईच्या गिरण्यांत कामाला कोण घ्यायचा हे जॉबर ठरवायचा. कुणाला किती अनुभव, हे त्याच्या डोक्यात. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्ड द्यायची पद्धत आणली आणि अनुभव जॉबरच्या डोक्यातून कागदावर उतरू लागला. पुढे 1952 चा भविष्य निर्वाह निधी कायदा आला. 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमाल तोच, पाठीवरचं पोतंही तेच, पण आता तो मंडळाकडे नोंदलेला कामगार झाला. नोंद आली तसा हक्कही आला.

पण नोंद कुणाच्या हातात? भविष्य निर्वाह निधीचंच घ्या. 2014 मध्ये प्रत्येक सदस्याला कायमचा एक क्रमांक मिळाला आणि त्याच्या सगळ्या नोकऱ्या एकाखाली एक दिसू लागल्या. पण नोकरी सोडल्याची तारीख मालकच भरायचा. त्याने भरली नाही तर कागदावर माणूस अजून तिथेच! सदस्याला ती तारीख स्वतः भरायची सोय 2020 मध्ये मिळाली. इतक्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं लागली.

आता पुन्हा आपल्या तालुक्याकडे येऊ. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून टोळ्या उसाच्या फडावर निघतात. मुकादम उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हे आमच्या रकान्यांत भरून बघा. संस्था कोणती? कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, काम कारखान्याचं. पद काय? अर्धा कोयता? सुरुवात-शेवट? दरवर्षी जाणं, दरवर्षी येणं, म्हणजे वीस वर्षांच्या वीस नोंदी. आणि मुकादमाच्या वहीत असतं काय? उचल किती आणि फिटली किती. ती वही कर्जाची, अनुभवाची नव्हे. त्या वहीत बाईचं नाव बहुतेक वेळा वेगळं नसतंच.

त्याच बाईचं नाव दुसऱ्या एका नोंदीत मात्र सापडतं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांची नावं हजेरीपत्रकावर आली. त्यातून रोजगार हमीचा 1977 चा कायदा उभा राहिला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यात जॉब कार्ड आलं. कार्ड कुटुंबाचं, पण त्यावर प्रत्येक प्रौढाचं नाव स्वतंत्र. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नरेगासॉफ्टमध्ये कोणत्या तारखेपासून, कोणत्या कामावर, किती दिवस हे नावानिशी दिसतं. मंडळी, कामाचा इतिहास जोडणारं सॉफ्टवेअर आपल्या तालुक्यात आधीच आलेलं होतं! फक्त त्याला कुणी बायोडाटा म्हटलं नाही.

त्यातही एक गोम आहे. कायद्याचा शब्द ‘अकुशल शारीरिक काम’. दिवस मोजले गेले, कसब नाही. ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडाकडे साखर जास्त. वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. हे अकुशल कसं?

तेव्हा माहितीपत्रकात आम्ही काय लिहिलं? हंगामी काम असेल तर ‘दरवर्षी, अमुक महिने’ असं लिहा, शेवटची तारीख ओढूनताणून भरू नका. जोडीने केलेलं काम दोघांच्या बायोडाटात स्वतंत्र घाला. संस्था सांगता येत नसेल तर काम आणि ठिकाण सांगा. ‘मदतनीस’ लिहू नका, हाताने काय केलं ते लिहा. प्रमाणपत्र नाही म्हणून काम झालं नाही, असं होत नाही. मात्र न केलेलं एकही काम घालू नका, नाहीतर खऱ्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

साधन तेवढंच जोडतं, जेवढं आधी कुणीतरी लिहिलेलं असतं. कार्ड मालकाने लिहिलं, वही मुकादमाने, हजेरी सरकारने. ज्याने पैसे दिले, त्याने आपल्या हिशेबापुरतं लिहिलं. जनाबाईंनी मात्र आपलं आपण सांगितलं.

उद्या एखादी मुलगी आईचा बायोडाटा करायला सेवा केंद्रात गेली आणि टाइप करणाऱ्याने ‘अनुभव?’ म्हणून विचारलं, तर तिने ‘काही नाही’ म्हणायच्या आधी आईला फोन करावा. किती हंगाम, कुठले फड, काय काय येतं, हे विचारावं. मग तो रकाना भरावा.

आता प्रश्न घेऊ.