न्हाव्याने वस्तरा मिटला : बहिष्काराची कुळकथा

दुकानदाराचा धर्म, त्याची मते किंवा त्याची वागणूक पटली नाही म्हणून त्याच्याकडून काही घ्यायचे नाही, या हत्याराला आज सगळे जग 'बॉयकॉट' म्हणते. नावामागची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १८८० च्या सप्टेंबरात आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याच्याशी कुळांनी, मजुरांनी, घरगड्यांनी आणि दुकानदारांनी व्यवहार तोडले. त्याचे पीक काढायला सैन्याच्या बंदोबस्तात अल्स्टरहून माणसे आणावी लागली आणि त्याचे आडनाव क्रियापद होऊन बसले. पण याच्या जवळजवळ सहा वर्षे आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने अगदी हेच केले होते. या हत्याराचे मराठी कूळ आयरिश कुळाहून जुने आहे, आणि ते ज्या घरात जन्मले त्या घराचे गुणदोष आजही त्याच्या अंगात आहेत, असे माझे म्हणणे आहे.

कर्ड्यात घडले ते असे. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जापायी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर ताब्यात घ्यायला निघाला. देशमुखांनी गाव एक केले. गावाने हात उगारला नाही. पाणक्याने गावातल्या मारवाडी सावकारांच्या घरी पाणी भरायचे थांबवले, न्हाव्याने त्यांची हजामत करणे सोडले, घरगडी कामावर येईनासे झाले. चार घागरी पाणी आणि आठवड्याची दाढी, इतकेच काय ते थांबले. तेवढ्याने सावकारांना गावात राहणे अशक्य झाले आणि त्यांनी शिरूरचा रस्ता धरला. पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे : अमेरिकन यादवी युद्धानंतर कापसाचे भाव कोसळले होते, सारावाढ डोक्यावर होती, १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत कर्जरोखे आणि वह्या जाळल्या गेल्या, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. इतिहासकार दंग्यावर थांबतात, कारण जाळपोळ दिसते आणि मिटलेला वस्तरा दिसत नाही. कुळकथेच्या दृष्टीने मात्र आगीपेक्षा वस्तरा मोलाचा आहे.

दंग्यांच्या चौकशीत गावकऱ्यांनी आपसात केलेले लेखी करारही पुढे आले. आयोगाच्या कागदांत त्यांना 'समपत्र' म्हटले आहे. हा शब्द 'संमतिपत्र' घासून झाला, की 'साम' म्हणजे सलोखा यावरून आला, की सर्वांवर सारखे बंधन म्हणून 'सम'? मला तिसरा अर्थ पटतो, कारण कागदाचा सगळा रोख सारखेपणावर आहे. सावकाराचे शेत कोणी कसायचे नाही, त्याची चाकरी धरायची नाही, बलुतेदारांनी त्याचे काम करायचे नाही, हे त्यातले पहिले कलम. खरी धार दुसऱ्या कलमात आहे : जो हे मोडील त्याला जातीच्या पंगतीत घ्यायचे नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही, त्यालाही गावापासून वेगळे ठेवायचे. म्हणजे सावकाराची शिक्षा अमलात आणायला शेजाऱ्याला शिक्षेची धमकी हवी होती. आयरिश पुढारी पार्नेल याने १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथे जे प्रसिद्ध भाषण केले, तेही जमीनदारावर नव्हते. बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो दुसरा शेतकरी घेईल, त्याला महारोग्यासारखे दूर ठेवा, असे त्याने सांगितले. तोही दुसऱ्या कलमाबद्दलच बोलत होता. दख्खनची बातमी आयर्लंडला पोचली आणि तिकडे नक्कल झाली, असा दावा मी करत नाही. एकच परिस्थिती दोन ठिकाणी होती. गावगाडा एकमेकांच्या सेवेवर चालत होता, कोर्ट सावकार किंवा जमीनदाराच्या बाजूला होते, आणि गरिबाच्या हातात नकाराखेरीज दुसरे काही नव्हते.

फरक पडतो तो शब्दाच्या बाबतीत. आयर्लंडला या कृतीसाठी नवा शब्द घडवावा लागला. 'ऑस्ट्रसिझम' हा ग्रीक वळणाचा शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही म्हणून फादर ओमॅली यांनी कॅप्टनचे आडनावच सुचवले, असे तेव्हाचा अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ सांगतो. कर्ड्याला शब्द शोधावा लागला नाही, तो घरात होता : वाळीत. त्याची व्युत्पत्ती बहुतेक जण 'वाळणे' म्हणजे सुकणे यावरून लावतात. मुळाचे पाणी तोडले की झाड वाळते, तसा समाजाबाहेर काढलेला माणूस वाळतो. चित्र सुंदर आहे, पण व्याकरण त्याला साथ देत नाही. सुकण्याचे 'वाळणे' अकर्मक आहे. कपडे आपण वाळत घालतो, मिरच्या वाळवतो, वाळीत कोणी घालत नाही. दुसरा तर्क असा की हा 'अडचणीत टाकणे', 'कोठडीत टाकणे' यांसारखा सप्तमीचा प्रयोग आहे आणि 'वाळी' ही कुठली तरी जागा किंवा अवस्था आहे. पण मग 'वाळीत कुटुंब' असे विशेषण कसे चालते? 'कोठडीत माणूस' असे आपण विशेषणासारखे म्हणत नाही. तिसरी वाट जुन्या मराठीतून जाते. संतवाङ्मयात 'वाळणे' हे सकर्मक क्रियापद टाकून देणे, त्यागणे, वगळणे या अर्थाने येते. 'वाळीत' म्हणजे ज्याला वाळले तो, वगळलेला. रूप, अर्थ आणि प्रयोग तिन्ही जुळतात, म्हणून मी याच बाजूने कौल देतो. सुकण्याचा अर्थ नंतर चिकटला असावा, आणि तो इतका पक्का चिकटला याचे कारण शिक्षेचा परिणाम खरोखर तसाच होतो. या व्युत्पत्तीतून एक गोष्ट निघते. वाळणारा नेहमी समूह असतो आणि वाळला जाणारा एक माणूस किंवा एक घर. एकट्या माणसाने सावकाराशी व्यवहार थांबवला तर मराठी त्याला वाळीत टाकणे म्हणत नाही.

हे हत्यार सगळीकडे का चालले नाही, याचे उत्तर राजूरच्या परिसरात सापडते. अकोले तालुक्यातले राजूर हे चाळीसगाव डांगाण या डोंगरपट्ट्यातले बाजाराचे गाव. भोवती महादेव कोळ्यांच्या वाड्या, वर सह्याद्री, खाली प्रवरेचे खोरे. याच मुलखातल्या देवगावचा राघोजी भांगरे सावकार आणि सरकार या दोघांवर उठला. तो पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी गेला. पुढे १८७३ पासून १८७६ मध्ये पकडला जाईपर्यंत होनाजी भागोजी केंगले याच्या टोळीने डोंगरपट्ट्यात सावकारांची नाके कापली. म्हणजे कर्डे ज्या साली वस्तरा मिटत होते, त्याच साली डोंगरात सुरी चालत होती. राग एक, शत्रू एक, मग हत्यारे दोन का? कोळी शूर आणि कुणबी भित्रा, हे उत्तर इंग्रज अंमलदारांना सोपे वाटले असेल, पण ते पोकळ आहे. माझा तर्क असा : वाळीत टाकायला दाट गावगाडा लागतो. मैदानातल्या सावकाराचे पाणी, दाढी, जोडे, मोट सगळे त्याच गावच्या बलुतेदारांच्या हातात होते. डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांत बलुतेदारच थोडे, आणि सावकार वाडीत न राहता बाजारगावात आपल्या माणसांत राहणार. कोळ्याच्या हातात त्याला नाकारण्यासारखे काहीच नव्हते. उलट पावसाळ्यात कोठी रिकामी झाली की खावटी आणि मीठ त्याच दुकानातून आणायचे. तिथे नकार देण्याची ताकद दुकानदाराकडे होती. ज्याच्यावाचून समोरच्याचे अडते, तोच बहिष्कार घालू शकतो. राजूर आणि कर्डे शेजारी ठेवले की हा नियम स्पष्ट होतो, आणि बहिष्कार हे दुबळ्याचेच हत्यार आहे ही समजूत अर्धीच खरी ठरते.

यावर पहिला आक्षेप असा की कर्ड्याचा उठाव गरिबांचा नव्हताच, पुढारी देशमुख होता. हे बरोबर आहे. वाळीत टाकायला अधिकार लागतो आणि तो वतनदाराच्या शब्दाला होता. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. आयोगाने नोंदवले आहे की ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकार मारवाडी आणि गुजरांच्या बरोबरीने व्याजबट्टा करत होते, तिथेही बहुधा मारवाडी-गुजरांनाच त्रास झाला. धंदा तोच, कर्ज तेच, मग एकाला वगळले आणि दुसऱ्याला का नाही? परप्रांतीय सावकार जास्त कठोर होते, गावाच्या सुखदुःखात नव्हते, असे उत्तर दिले जाते. त्यात तथ्य असेल, पण त्याने हिशेब पुरा होत नाही. करणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बहिष्कारात कुळाविरुद्धचा राग पहिल्या दिवसापासून मिसळलेला होता, हे मान्य केले पाहिजे. ज्या घरातून हे हत्यार आले त्या घरात माणसाची ओळखच जातीवरून होत होती. तिथे ते निर्मळ कसे राहील?

पुढच्या पिढ्यांनी हत्यार हाती घेतले ते याच मिश्रणासकट. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचे वाद झाले. ग्रामण्य म्हणजे ब्राह्मणी वळणाचे वाळीत. पंधरा वर्षांनी, वंगभंगानंतर, त्याच टिळकांनी मँचेस्टरच्या कापडाविरुद्ध जो शब्द चतुःसूत्रीत बसवला तो 'बहिष्कार', म्हणजे जातीबाहेर घालवण्यासाठी धर्मशास्त्रात रूढ असलेला शब्द. पंगतीतला शब्द बाजारात आला. आणखी वीस वर्षांनी डॉ. आंबेडकरांनी तोच शब्द उलटा धरला : १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'. अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या स्टार्ट समितीत ते सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना गाव रोजगार देत नाही, वाणी सामान विकत नाही, पाणी तोडले जाते, हे त्या समितीने १९३० मध्ये नोंदवले. कर्ड्याची तीच यादी, फक्त दिशा बदललेली. गोलमेज परिषदेपुढे आंबेडकरांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि तिचा मसुदा ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला. ब्रह्मदेशात इंग्रजांनी जो कायदा राजकीय चळवळ दडपायला केला, त्याची कलमे महाराष्ट्रातल्या वाळीत घरांच्या रक्षणासाठी मागितली गेली. या सगळ्या कुळकथेत याहून विलक्षण उसनवारी मला दिसत नाही.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीतबंदीचा कायदा केला, पण दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये याच नगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो स्थगित केला. यात्रेतल्या काही व्यापाऱ्यांचे वर्तन रूढींना धरून नाही, असे ठरावाचे समर्थन होते. पण गैरवर्तन हे कारण असेल, तर त्या वागणाऱ्यांवर कारवाई पुरेशी होती. ठराव एका धर्माच्या सर्वांवर होता. कर्ड्याचा काळूराम घरावरचा दावा सोडून बहिष्कार संपवू शकला असता. मढीच्या व्यापाऱ्याने तो संपवायला काय करायचे होते?

मग एखाद्या दुकानदाराची मते घृणास्पद वाटली तरी त्याच्याकडूनच घ्यायचे का? अजिबात नाही. आपला पैसा कुठे द्यायचा हे ठरवण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, आणि तो कारणासकट जाहीर सांगण्याचाही आहे. या कुळकथेतून दोनच कसोट्या हाती लागतात. समोरच्याने वागणे बदलले तर बहिष्कार उठतो का? आणि बहिष्कार न पाळणाऱ्या शेजाऱ्याला शिक्षा आहे का? पहिल्याचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर तो गिऱ्हाइकाचा नकार आहे, आणि तो बजावायला कोणाची परवानगी लागत नाही. यातले एकही उत्तर उलटे आले, तर नाव कोणतेही द्या, ते वाळीत आहे. कर्ड्याची आठवण अभिमानाने जरूर काढावी. समपत्रावर सही करण्यापूर्वी मात्र त्यातले दुसरे कलम वाचावे.