दार उघडे ठेवून केलेली प्रार्थना



धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे आईवडील आम्हाला पुष्कळदा विचारतात, मुलांना प्रार्थनेची गोडी कशी लावायची? आपल्या बेळगाव-निपाणी भागातले मूल घरी मराठी नाहीतर कोंकणी बोलते, शाळेत इंग्रजीत लिहिते आणि बाजारात कन्नड ऐकते. शाळा, ट्यूशन, गृहपाठ आणि मोबाईल यांतून देवासाठी उरतो तो रविवारचा एक तास. आठवड्याची सगळी उणीव त्या एका तासाने भरून काढावी, अशी आपली अपेक्षा असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला पंडिता रमाबाईंचे घर आठवते. समाजसुधारक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण त्या एका शाळकरी मुलीला एकटीने वाढवणारी ख्रिस्ती आईही होत्या, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळ इथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात येते. घराणे मराठी होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. रमा आठेक वर्षांची झाली तेव्हा आईने तिला शिकवायला घेतले. दिवसभर घरकामाचा रगाडा असायचा, म्हणून ही माउली पहाटे उजाडण्याआधीच लेकीला जवळ घेऊन, गोंजारून उठवायची आणि पाठ द्यायची. घर सतत तीर्थयात्रेत, राहायला धड छप्पर नाही, शाळा तर नाहीच. तरी आईने दिलेली ती पहाटेची वेळ मुलीला आयुष्यभर पुरली.

पुढे १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाईंचा विवाह बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झाला आणि १८८१ साली मनोरमा जन्मली. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा वडिलांचा मृत्यू झाला. १८८३ साली रमाबाई लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज या गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाई शिक्षणासाठी आणि पुढे कामासाठी बाहेर असत, तेव्हा मनोरमेचा सांभाळ बराच काळ वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी केला. तो त्यांनी मनापासून केला. पण मुलीला विश्वासाच्या कोणत्या गोष्टी, कोणत्या वयात आणि कशा शिकवायच्या, यावरून दोघींचे मतभेद झाले. दोघींची पत्रे १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. मंडळीचा विश्वास मुलीला पुरता मिळावा, ही सिस्टरांची काळजी होती. जे आपल्याला स्वतःला अजून उमगलेले नाही ते लेकीकडून केवळ पाठ करून घेऊ नये, आणि तिला आपल्या देशाची, आपल्या माणसांची लाज वाटू नये, ही आईची काळजी होती. आम्हाला दोन्ही काळज्या खऱ्या वाटतात. मुलाला श्रद्धेचे शब्द शिकवावेच लागतात, आणि त्या शब्दांमागे आईबापांचे स्वतःचे शोधणेही असावे लागते. रमाबाईंनी हे शोधणे थांबवले नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण तारणारा ख्रिस्त सुमारे आठ वर्षांनी भेटला, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले.

आता पुण्यातली गोष्ट. रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तिथे मुख्यतः उच्चवर्णीय विधवा मुली शिकत. कोणाच्याही धर्मात हात घालायचा नाही, ज्या मुलीला आपल्या रीतीने पूजा करायची असेल तिने खुशाल करावी, असा नियम होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. त्या खोलीचे दार त्या उघडे ठेवत. त्यांनी कोणाला बोलावले नाही, पण काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या.

यावरून पुण्यात वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीका झाली. १८९३ साली सल्लागार मंडळातल्या न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोरांनी संस्थेशी संबंध तोडला आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. दार लावून घेतले असते तर कदाचित एवढे झाले नसते. पण इतरांना उपासनेची जी मोकळीक आहे ती आई म्हणून मलाही आहे, ही रमाबाईंची भूमिका होती. मनोरमा तेव्हा बारा वर्षांची होती. रोजच्या साध्या प्रार्थनेची किंमत आई मोजते आहे आणि तरी प्रार्थना चुकवत नाही, हे तिच्या डोळ्यांसमोर घडत होते. असा धडा कोणत्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात छापता येत नाही.

पुढे मनोरमा शिकली, पदवीधर झाली आणि आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. १९१२च्या सुमारास गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, ख्रिस्ती शाळा उभी राहिली, तिला मनोरमाबाईंचा हातभार होता. जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी लेक प्रभूकडे गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत रमाबाईही गेल्या. अखेरची वर्षे त्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. थोडेसे लिहिता-वाचता येणाऱ्या बाईलाही देवाचे वचन कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

पवित्र शास्त्रातही असे एक घर आहे. तीमथ्य लुस्त्राचा. तिथले लोक लुकवनी भाषा बोलत, त्याचा बाप ग्रीक होता आणि आई यहूदी. म्हणजे तेही सीमाभागातलेच लेकरू! पौल त्याच्या विश्वासाचे मूळ सांगतो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो (२ तीमथ्य १:५).

म्हणून पालकांना आमचे सांगणे थोडकेच आहे. "जा, प्रार्थना कर" असे मुलाला फर्मावण्यापेक्षा त्याला तुमच्या प्रार्थनेत बसू द्या. निपाणीत दिवसभर विड्या वळून थकलेल्या आईलाही रात्री जेवणानंतर पाच मिनिटे देता येतील. जी भाषा घरात भांडायला आणि लाड करायला वापरता, तीच प्रार्थनेलाही वापरा. मुलाने अवघड प्रश्न विचारला तर रागावू नका, "चल, दोघे मिळून शोधू" म्हणा. शेजारची मुले डोकावली तर त्यांना बोलावू नका आणि हाकलूही नका. वर्गात आम्ही शिकवू ते त्याच्यावर उभे राहील. घरात काही नसेल, तर आमचा एक तास वाऱ्यावर जाईल.

हे प्रभू, आमच्या घरांची दारे आणि आमची अंतःकरणे तुझ्यासाठी उघडी ठेव. आमची मुले आमच्याकडे पाहत आहेत, याची आम्हाला रोज आठवण दे. आमेन.