ड्रेसिनाची वाटणी

मंडळी, पेरिप्लस हे नाव शाळेत ऐकलेलं आठवतंय का? आपल्या भागातल्या पोरांना ते पैठण आणि तेर यांच्यामुळे पाठ करावं लागायचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक बोलणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने लिहिलेली ही सागरी वाटांची वही. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून बंदरावर जाणारे मौल्यवान खडे, असं त्यात लिहिलंय. आमच्या गंगापूर तालुक्याच्या कडेने वाहणारी गोदावरीच पुढे पैठणला जाते, म्हणून हे पान मला घरचं वाटतं.

त्याच वहीत थोडं आधी सोकोत्रा बेटाची नोंद आहे. तिथे झाडांवरून थेंबाथेंबाने गोळा होणारा हिंगूळ मिळतो आणि त्याला 'हिंदी' हिंगूळ म्हणतात, असं तो लिहितो. झाडावर कसला हिंगूळ? तो होता ड्रेसिनाच्या एका जातीचा लाल डिंक. रोमन प्लिनीने तर त्यावर कहाणीच रचून ठेवली आहे. हत्ती आणि अजगराएवढा ड्रॅगन लढतात, मरता मरता हत्ती त्याच्यावर कोसळतो, दोघांचं रक्त मिसळतं आणि तोच हा रंग! पुढे अरबांनी त्याला 'दम-उल-अखवैन', म्हणजे दोन भावांचं रक्त, म्हटलं. युनानी हकिमांच्या औषधांत तो याच नावाने आहे आणि आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानांत त्याला हिरादखण म्हणतात. 'ड्रेसिना' हे नावही ग्रीक भाषेतल्या ड्रॅगनच्या मादीवरून आलेलं.

गंमत पुढे आहे. आज नर्सरीत पिवळ्या काठाच्या पानांचा जो ड्रेसिना 'साँग ऑफ इंडिया' म्हणून मिळतो, त्याची जात मूळची मादागास्कर-मॉरिशसकडची. दोन हजार वर्षांपूर्वी 'हिंदी' हिंगूळ हिंदुस्थानातला नव्हता आणि हे 'गाणं'ही इथलं नाही. आपल्या नावावर लोक काय काय खपवतात!

शास्त्रज्ञांचंही या झाडाच्या बाबतीत बरंच येरे माझ्या मागल्या झालंय. लिनियसने १७६२ साली कॅनरी बेटांवरचा ड्रॅगनवृक्ष शतावरीच्या प्रजातीत घातला, पाच वर्षांनी ड्रेसिना ही वेगळी प्रजात झाली, आणि २००९च्या वर्गीकरणात सगळं गणगोत पुन्हा शतावरीच्याच कुळात आलं. अलीकडे तर आपल्या 'सासूच्या जिभेला'ही ड्रेसिनातच घेतलंय. असो.

आता घरचं. आमच्या गंगापूरच्या घरातला ड्रेसिना रुंद, मधे पिवळ्या पट्ट्याच्या पानांचा. दादांनी (वडिलांनी) २००४ साली आणला. आई त्याला पहिल्या दिवसापासून 'मका' म्हणते. पानं पाहिली तर तिचं काही चुकत नाही, इंग्रजीतही त्याला मक्याचंच नाव आहे. २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी जात होतं त्या वर्षी, आमच्याही गल्लीत टँकरची वाट बघितली जायची. अंगणातला गुलाब गेला, मोगरा गेला. मका तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगला. पिण्याच्या पाण्यातलं भांडंभर पाणी शोभेच्या झाडाला घालायचं का, यावर घरात तेव्हा चांगलीच वादावादी झाली होती. दादा त्या वादात एक शब्द बोलले नाहीत. रोज भाताचं धुवण मात्र तेच नेऊन ओतायचे.

दादा जाऊन आता चार वर्षं झाली. या दिवाळीनंतर आई धाकट्या बहिणीकडे नाशिकला जाणार आणि घर बंद होणार. कपाटं, भांडी, सगळ्याची वाटणी बिनबोभाट झाली. अडलं ते या झाडावर. सात फूट उंच, शेंडा छताला टेकून वाकलेला, खाली नुसता बोडका दांडा आणि एकाच खिडकीकडे झुकलेला. गाडीत तो मावत नाही. 'कापायचा' शब्द काढला की आई उठून आत जायची.

तिला मी किलिमांजारोची गोष्ट सांगितली. आपला मका ज्या जातीचा, तिचं माहेर आफ्रिका. किलिमांजारोच्या उतारावरचे चग्गा लोक ड्रेसिना शेताच्या बांधावर लावतात. रोवलेली फांदी सहज मुळं धरते, आणि तो बांध मग हद्द म्हणून सगळे मानतात. पूर्वजांच्या दफनाच्या जागेभोवतीही तो असतो. आणि भांडण मिटवून माफी मागायची असेल तर त्याचंच पान घेऊन जायचं! बांधावरून कोर्टात जाणाऱ्या आमच्या तालुक्यात हे कुणीतरी सांगायला हवं. आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तिकडे तोडतातच की." मग थोड्या वेळाने, "आतून लाल निघेल का रे?"

नाही निघत. लाल डिंक सोकोत्रा आणि कॅनरीकडच्या जातींचा. घरातल्या ड्रेसिनाचा दांडा आतून पांढरट असतो.

छाटणीचं म्हणाल तर ऊस लावणाऱ्याला यात शिकण्यासारखं फार नाही. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो काढला की कापाच्या खालचे दोन-तीन डोळे फुटतात, कपाशीचा शेंडा खुडल्यावर होतं तसंच. धारदार, पुसून घेतलेल्या सुरीने पेराच्या थोडं वर एका घावात कापायचं. वेळ पावसाळ्याच्या तोंडाची उत्तम, आमच्याकडचा मे महिना टाळावा. आम्ही जुलैत कापलं. बुंधा दोन फूट ठेवला, आणि कापल्यावर त्याचं पाणी कमी केलं, कारण पानंच नाहीत तर तो पिणार कशाने? पाच आठवड्यांनी सालीवर दोन हिरवे फुगवटे दिसले. ते आईनेच आधी पाहिले.

एरवीही ही झाडं तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. वरची दोन बोटं माती सुकली की मगच पाणी द्या. शेतकऱ्याला 'वाफशावर' म्हटलं की पुरतं. पानांची टोकं करपतात त्यामागे बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा फ्लोराइड असतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनं. कुंडी अधूनमधून फिरवा म्हणजे झाड एकीकडे झुकणार नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पानं चघळू देऊ नका, त्यांना ती बाधतात. आणि हवा शुद्ध होते म्हणून कुणी घेत असाल तर थांबा. नासाचा तो १९८९चा प्रयोग बंद पेटीत केला होता. राहत्या खोलीत तसा परिणाम मिळवायला घराचं जंगल करावं लागेल, असं २०१९मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासणाऱ्यांनी दाखवलं.

शेंडा आईबरोबर नाशिकला. बुंधा माझ्याकडे, कारण कुंडी उचलायला मीच. मधल्या दांड्याच्या वीतभर लांबीच्या चार टिपऱ्या झाल्या. एक पुण्याच्या मावशीला, दोन ताईला आणि एक शेजारच्या काकूंना, कारण टँकरच्या वर्षी त्यांनीही धुवण आणून घातलं होतं.

ज्यांना टिपऱ्या मिळाल्यात त्यांनी त्या उलट्या लावू नयेत, उलटी टिपरी धड रुजत नाही. ओळखता यावं म्हणून आईने प्रत्येकीच्या वरच्या टोकाला हळद लावून दिली आहे. हळद वर, उरलेली बाजू मातीत.