चष्मा, पुण्यातील

चष्मा, पुण्यातील : दृष्टिदोषाची भिंगांच्या साहाय्याने भरपाई करणाऱ्या या साधनाचा पुण्यातील इतिहास म्हणजे मुख्यतः ते कोणाच्या आवाक्यात आले, याचाच इतिहास होय. ‘चष्मा’ हा शब्द फार्सी ‘चश्म’ (डोळा) यापासून आला आहे. मराठीतील ‘चाळिशी’ हा शब्द अधिक बोलका आहे. चाळीस वर्षांच्या सुमारास डोळ्यातील स्फटिकभिंगाची लवचिकता घटते व जवळचे अक्षर पुसट होते, हा सार्वत्रिक अनुभव त्यात साठलेला आहे.

चष्म्याचा उगम इटलीत सु. १२८६ मध्ये झाला. भारतात तो केव्हा आला, या प्रश्नाचा पद्धतशीर मागोवा पुण्यातच घेतला गेला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी संस्कृत, मराठी व यूरोपीय साधने धुंडाळून या विषयावर लिहिले. विजयानगरचे व्यासतीर्थ (मृत्यू १५३९) यांच्या सोमनाथकृत चरित्रकाव्यात ते ‘उपलोचनगोलक’ लावून पोथी वाचत असल्याचे वर्णन आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर ही वस्तू त्यांच्यामार्फत इकडे आली असावी. पुढे दीर्घकाळ ती दरबारी व पंडितवर्गापुरतीच राहिली.

त्या काळी चष्मा मोजून दिला जात नसे. अनेक भिंगे डोळ्यांसमोर धरून जे मानवेल ते घेतले जाई. स्नेलेन यांचा अक्षरतक्ता (१८६२), डाँडर्स यांचा दृष्टिदोषांवरील ग्रंथ (१८६४) व डायॉप्टर हे एकक (१८७२) यांमुळे ‘नंबर’ काढणे शक्य झाले. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले, ते याच सुमारास. तथापि नंबर कळणे आणि चष्मा मिळणे या भिन्न गोष्टी होत. न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी अधू असल्याने रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. पण सुईत दोरा न ओवता येणाऱ्या शिंप्याला अशी सोय नसते. त्याचे कामच थांबते.

चष्म्याच्या अभावाचे सर्वांत कठोर रूप मोतीबिंदूच्या रुग्णांत दिसे. शिबिरांतील जुन्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील भिंग काढून टाकीत व रुग्णाला सु. १० डायॉप्टरचा जाड बहिर्गोल चष्मा देत. तो फुटला वा हरवला, तर यशस्वी शस्त्रक्रिया होऊनही माणूस जवळजवळ आंधळाच राही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४–२००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूविषयक प्रकल्प राबविला गेला. याच काळात कृत्रिम भिंगाचे रोपण रूढ होत गेले आणि हे परावलंबन ओसरले.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यात पुढे शाळांतील नेत्रतपासणी व गरीब मुलांना मोफत चष्मे यांची तरतूद झाली. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने २००० साली हडपसरजवळ महंमदवाडी येथे ह. वि. देसाई नेत्ररुग्णालय उभारले. अंधांसाठी निघालेली संस्था अंधत्व टाळण्याकडे वळली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पदपथावर मिळणारा तयार चष्मा तुच्छ मानण्याची सुशिक्षितांत प्रवृत्ती आहे. ती सर्वस्वी योग्य नाही. लांबची नजर चांगली असून केवळ चाळिशीचा त्रास असेल, तर असा चष्मा बहुतेकांना पुरतो. आसाममधील चहामळ्यांतील चाळिशी उलटलेल्या कामगारांना वाचनाचे चष्मे दिले असता त्यांची पानखुडणी, चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेने, सु. २२ टक्क्यांनी अधिक वाढली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. मात्र तयार चष्म्यात दोन्ही भिंगे सारख्याच नंबराची असतात व अबिंदुकतेसाठी लागणारे दंडगोल भिंग नसते. शिवाय डोळे तपासले न गेल्याने काचबिंदू लक्षात न येता बळावू शकतो. निकटदृष्टी असलेल्या मुलांना तर तो निरुपयोगीच. त्यांचा नंबर वाढत्या वयात बदलतो, म्हणून एकदा दिलेला मोफत चष्मा काही काळाने पुन्हा तपासावा लागतो.

काचेऐवजी प्लॅस्टिकची भिंगे आल्याने वजन व फुटण्याचे भय घटले. किमतीतील मोठा फरक आता भिंगापेक्षा चौकटीत व भिंगावरील लेपांत पडतो. दृष्टिदोषावरील चष्म्यांवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के करण्यात आला.