पौडच्या बांधावरचा भुईआवळा

पावसाळ्यात पौडच्या शेतबांधांवर वीतभर उंचीचे एक झुडूप उगवते. त्याची डहाळी उलटून पाहावी, तर खालच्या बाजूस मोहरीएवढी हिरवी फळे ओळीने लटकलेली दिसतात. हा भुईआवळा. लोकवैद्यकात कावीळ आणि भुईआवळा ही जोडी घट्ट बसलेली आहे. ती किती जुनी?

चरकसंहितेत ‘तामलकी’ येते ती कासहर व श्वासहर, म्हणजे खोकला आणि दम्यावरील, गणांत. तामलकी म्हणजेच भुईआवळा, असे परंपरा मानते. कामलेच्या रोग्याने सकाळी मधासह घ्यावयाचे म्हणून चरकाने सांगितलेले रस मात्र त्रिफळा, गुळवेल, दारुहळद आणि कडुनिंब यांचे आहेत.

काविळीवरील औषधाला कीर्ती लवकर मिळते, यामागे रोगाचा स्वभाव आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. गळ्यात काड्यांची माळ घालण्याच्या रिवाजाचेही तेच. काड्या सुकतात, दोऱ्याची वीण सैल होते, माळ लांबते आणि ‘कावीळ उतरली’ असे म्हटले जाते. (रोगीही तोवर बरा झालेला असतो, हे माळेचे भाग्य.)

‘ब’ प्रकारची कावीळ एवढी सौम्य नाही. तिचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करू शकतो. या विषाणूच्या शोधासाठी १९७६ चे नोबेल मिळवणारे बारूख ब्लूमबर्ग यांनी भुईआवळ्याकडे लक्ष वळवले. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन यांच्यासह त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले : महिनाभर चूर्ण घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, निरौषधी गोळी घेतलेल्या २३ जणांत अशी व्यक्ती एकच. जगभर खळबळ उडाली. परंतु थायलंड आणि न्यूझीलंडमधील चाचण्यांत तसे यश आले नाही. बांधावरची वनस्पती बांधावरच राहिली.

गुळवेलीची कथा उलटी. करोनाकाळात तिचा काढा घरोघर शिजू लागला. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, हा मुख्य आक्षेप. पुढच्याच वर्षी देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. चरकाने कामलेसाठी सांगितलेल्या चार रसांपैकी एक याच वेलीचा होता.